फास्टिंग ११५ आणि एचबीए१सी ८.६ : घरी शुगर नेमकी कधी तपासायची?

सत्तरीकर
९ जून, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. बाबांचं विचारायचं आहे. वय ६८, डायबेटीस बरीच वर्षं आहे. ते आणि आई गावी, गोव्यात वाळपईच्या पुढे. मी नोकरीमुळे पर्वरीला, शनिवार-रविवार घरी जातो. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. घरात मशीन आहे, बाबा स्वतःच बोट टोचून घेतात आणि वहीत लिहून ठेवतात. वही बघितली तर कोणीही खूश होईल : ११२, ११८, १०९, १२१. आणि गेल्या आठवड्यात लॅबमधून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आली ८.६, म्हणजे बरीच जास्त!

बाबा म्हणतात लॅबवाल्यांनी कोणाचं तरी रक्त माझ्या नावावर घातलं. आई म्हणते मशीन खोटं बोलतंय. डॉक्टर एवढंच म्हणाले की नुसती फास्टिंग नको, बाकीच्या वेळची पण लिहून आणा, मग गोळ्यांचं बघू. बाहेर रांग होती, त्यामुळे जास्त बोलणं झालं नाही.

बाबांचा दिवस असा : पहाटे साडेपाचला चहा (बिनसाखरेचा, असं ते सांगतात). आठला चपाती नाहीतर पोदेराची पोई (पाव), बरोबर भाजी. मग कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम. अकराला पेज (तांदूळ पाण्यात मऊ शिजवून करतात ती). दीडला शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी). दुपारी थोडी झोप. रात्री साडेआठला पुन्हा भात. गोड फारसं नाही, फणस सोडला तर.

"बाकीच्या वेळची" म्हणजे नक्की कधी? दिवसातून किती वेळा टोचायचं? स्ट्रिप (मशीनला लावायच्या, रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्ट्या) काही फुकट येत नाहीत. आणि दोघांत चुकलं कोण, लॅब की मशीन?

माशेलची_मावशी
१० जून, सकाळी ७:१५

वहीत सगळे आकडे सकाळचेच आहेत ना? मग कोणीच चुकलेलं नाही.

एचबीए१सीवरून सरासरी शुगर काढायचं एक गणित आहे. आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. ८.६ चं उत्तर येतं साधारण २००. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत बाबांच्या रक्तात सरासरी २०० साखर फिरत होती. पहाटे ११५ असणाऱ्याची सरासरी २०० भरायची, तर दिवसातला मोठा भाग २०० च्या वरच असला पाहिजे. तो भाग बाबा मोजतच नाहीत. नुसती पहाटेची शुगर बघून समाधान मानणं म्हणजे एप्रिलमधलं म्हादईचं पात्र बघून पुराचा अंदाज बांधण्यासारखं आहे.

मला हा आजार जडून वीसेक वर्षं होत आली, आता इन्सुलिनवर आहे. माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या. आकडा कधी एकटा घ्यायचा नाही, जोडीने घ्यायचा. एक जेवण निवडायचं, समजा दुपारचं. पहिला घास घ्यायच्या आधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. घासापासून, हात धुतल्यापासून नाही! आपल्याकडे गप्पा मारत जेवायला पाऊण तास लागतो, आणि तिथून दोन तास मोजले की शुगर उतरणीला लागलेली असते. पुढे ताटात काय होतं ते लिहायचं. "भात" एवढंच नाही, किती डाव ते. एकच जेवण सलग तीन दिवस असं बघितलं की त्या जेवणाचं खरं रूप कळतं. मग पुढचं जेवण. दिवसाला दोनच स्ट्रिप लागतात. दिवसभरात सात वेळा टोचून घ्या म्हणणारे पुस्तकातले लोक, त्यांना स्ट्रिपचा भाव विचारा.

साधारण लक्ष्य असतं जेवणाआधी ८० ते १३०, आणि दोन तासांनंतर १८० च्या आत. पण ६८ व्या वर्षी, त्यातून ग्लिमेपिराइड चालू असताना, डॉक्टर थोडी ढील देतात. ती किती द्यायची हे त्यांनाच ठरवू द्या.

लॅबवाला_फोंडा
१० जून, दुपारी १:०५

मावशींचं गणित बरोबर. माझ्या धंद्याची बाजू मांडतो, कारण "लॅब चुकली" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो.

घरातलं मशीन अंदाज देतं, चांगला अंदाज देतं, पण अंदाजच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं जे मानक आहे (१५१९७, सन २०१३ चं) त्यानुसार १०० किंवा त्याहून जास्त शुगर असेल तर शंभरातल्या ९५ वेळा मशीनचा आकडा लॅबच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असला की मशीन पास. १०० च्या खाली असेल तर १५ अंकांची मुभा. म्हणजे लॅबमध्ये १४० आली तर घरी ११९ ते १६१ मधलं काहीही आलं तरी मशीन ठीक आहे. त्यामुळे एकाच बोटातून लागोपाठ दोनदा काढून "एकदा १२६ आली, एकदा १३३" म्हणून हैराण होऊ नका. त्या सात अंकांत काही नाही.

पडताळून बघायचंच असेल तर उपाशीपोटी बघा. लॅबमध्ये रक्त देता त्याच वेळी, तिथेच बसून बोटातलं घ्या. जेवणानंतर ताडून बघू नका, कारण जेवल्यावर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्त असते. तो मशीनचा दोष नाही.

आता एचबीए१सीबद्दल. ती पण देववाणी नाही. अंगात लोह कमी असेल तर ती उगाच वर दिसते. रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर खाली दिसते. किडनी बिघडलेली असली तरी भरवसा कमी. बाबांचं हिमोग्लोबिन किती आहे ते एकदा बघून घ्या. ते नीट असेल तर ८.६ खरी धरा.

नुस्तेमारी
१० जून, दुपारी १:२०

पेज बंद करा. विषय संपला.

केपेची_सून
१० जून, दुपारी ३:४८

> पेज बंद करा. विषय संपला.

एसीत बसून सांगायला सोपं आहे हो. सकाळपासून कुळागरात वाकून काम करणाऱ्या माणसाला अकराला पेज नाही दिली तर तो काय टोस्ट-बटर खाणार आहे?

पेज म्हणजे तरी काय? एकाकडे वाडगाभर निवळ आणि तळाला चार शितं, दुसऱ्याकडे चमचा उभा राहील इतकी दाट. उकडा तांदूळ साध्या पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा बरा, हे खरं. पण तोच तांदूळ पेजेसाठी मऊ होईपर्यंत शिजवला की साखर भराभर चढते, हेही तितकंच खरं. आमच्या सासऱ्यांची पेज मी बंद केली नाही. शितं निम्मी केली, आणि नुसत्या लोणच्याऐवजी वाटीभर अळसांदे (चवळी) नाहीतर मुगागाठी (मोडाच्या मुगाची उसळ) द्यायला लागले. आधी बडबडले, मग सवय झाली. मोजून बघितलं तर दोन तासांनंतरचा आकडा चांगलाच खाली आला. मोजल्याशिवाय कुठल्याच पदार्थाला फाशी देऊ नये असं माझं मत.

नुस्तेमारी
१० जून, दुपारी ४:०२

एसी नाही, ट्रॉलर आहे. पण मुद्दा मान्य.

म्हापसा_फार्मसी
१० जून, रात्री १०:३०

काउंटरच्या या बाजूने थोडं. दुकान बंद करून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आता पाऊस सुरू झाला. स्ट्रिपचा सगळ्यात मोठा वैरी दमट हवा. स्ट्रिपवर एन्झाइम असतं, ते ओलीने मरतं. डबीच्या आत ओल शोषणारा थर असतो, म्हणून स्ट्रिप डबीतच ठेवायची. एक काढली की झाकण लगेच टक् आवाज येईपर्यंत लावायचं, मग बोट टोचायचं. लोक काय करतात? डबी उघडी ठेवून सुई शोधत बसतात. नाहीतर चार स्ट्रिप कागदात गुंडाळून पर्समध्ये. आणि कित्येक जण फ्रिजमध्ये ठेवतात, इन्सुलिन ठेवतो तसं. नका ठेवू. फ्रिजमधून डबी बाहेर काढून उघडली की आपल्या हवेत आत लगेच दव धरतं.

डबी फोडली त्या दिवशीची तारीख पेनने वर लिहा. छापलेली एक्स्पायरी बंद डबीची असते. फोडल्यावर बहुतेक कंपन्यांच्या स्ट्रिप तीन ते सहा महिने चालतात, किती ते डबीवरच बारीक अक्षरात असतं. ज्यांना आठवड्यातून एक-दोनच लागतात त्यांनी पन्नासची डबी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. पंचवीसची घ्या, किंवा एकेक स्ट्रिप वेगळ्या फॉइलमध्ये येते ती घ्या.

दुसरं, हात. मानकुरादच्या दिवसांत दर वर्षी कोणीतरी घाबरून येतं, "शुगर ३२० दाखवतंय, सकाळी तर १३० होती". विचारलं की कळतं, आंबा कापला आणि तसंच बोट टोचलं. काजूची बोंडं पिळणाऱ्यांचं तेच, फणस सोलणाऱ्यांचं तेच. मशीनला रक्त लागतं मोहरीपेक्षा कमी. एवढ्याशा थेंबात बोटावरची किंचित साखर मिसळली तरी आकडा कुठल्या कुठे जातो. सॅनिटायझरने किंवा स्पिरिटच्या कापसाने साखर जात नाही, साबण आणि पाणीच लागतं. आणि हात कोरडे करा. ओल्या बोटावर थेंब पातळ होतो, आकडा कमी येतो.

बोट पिळू नका. हात खाली सोडून थोडा हलवा, रक्त आपोआप येतं.

सत्तरीकर
१० जून, रात्री ११:१०

हिमोग्लोबिन १३.४ आहे, रिपोर्टमध्ये सापडलं. म्हणजे ८.६ खरी.

फार्मसीवाले दादा, बाबांना फोन करून विचारलं, टोचायच्या आधी हात धुता का? म्हणाले, "पंचाला पुसतो की!" स्ट्रिपची डबी देवघरातल्या फडताळात, समईशेजारी आहे. निदान फ्रिजमध्ये तरी नाही.

आल्डोणेकर
११ जून, सकाळी ८:३३

माझा पण एक प्रश्न घुसवतो. शेजाऱ्यांच्या मुलीने इंग्लंडमधल्या स्विंडनहून आईवडिलांना मशीन पाठवलं. आकडा येतो ७.४, ८.१ असा. म्हातारीला वाटलं साखर उतरून सातावर आली, जेवणच सोडलं असतं तिने.

लॅबवाला_फोंडा
११ जून, सकाळी ९:१०

तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. १८ ने गुणा. ७.४ म्हणजे १३३. दुसरी अडचण पुढे येईल : त्या मशीनच्या स्ट्रिप इथे मिळत नाहीत, आणि एका कंपनीची स्ट्रिप दुसऱ्याच्या मशीनला चालत नाही. दुबईहून, लंडनहून आलेली मशीनं चार महिन्यांनी कपाटात जातात ती यामुळे. इथल्या फार्मसीत स्ट्रिप बारा महिने मिळेल असं मशीन घ्या. मशीन स्वस्तच असतं, पैसा स्ट्रिपवरच जातो.

पेडण्याची_सिस्टर
११ जून, दुपारी २:५५

धागा वाचतेय आणि एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून ड्युटीच्या मधल्या सुट्टीत लिहिते. सत्तरीकर, हे नीट वाचा.

तुमच्या बाबांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार खाली जात नाही, पण ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेतली, अंगमेहनत केली आणि अकराची पेज चुकली, तर दीडपर्यंत माणूस खाली जाऊ शकतो. म्हणून "पेज बंद करा" हा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटला तरी गोळ्या तशाच ठेवून तो पाळणं धोक्याचं आहे. आधी मोजा, आकडे डॉक्टरांना दाखवा, मग ताट आणि गोळी दोन्ही एकदम बदला. उपासाचंही तेच. एकादशीला गोळी तीच आणि पोटात फक्त चहा, अशी माणसं आमच्याकडे स्ट्रेचरवरून येतात.

७० च्या खाली गेली की ती लो. घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, अचानक चिडचिड, असंबद्ध बोलणं. ५४ च्या खाली गेली तर गंभीर. अशा वेळी पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चहाचे चमचे पावडर पाण्यात घालून. पंधरा मिनिटं थांबा, परत तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की काहीतरी खायला द्या. चॉकलेट, लाडू नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर हळू चढते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणखी एक बारीक गोष्ट. पुष्कळांच्या गोळीत व्होग्लिबोज असतं, आपल्याकडे सर्रास देतात. ते साध्या साखरेचं पचन अडवतं. त्या माणसाला लो झाल्यावर साखर-पाणी दिलं तर गुण यायला वेळ लागतो, त्याला ग्लुकोजच लागतं. गोळीच्या पाकिटावरची नावं वाचून ठेवा आणि ग्लुकोजचा डबा घरात, कुळागरात, स्कूटरच्या डिकीत असू द्या. ब्लडप्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड कळत नाही. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवा.

आणि मार्च-एप्रिलमधला हुर्राक, बाकी वर्षभर फेणी. दारू पोटात असली की लिव्हर साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं. रात्री घेतलेल्याची लो पहाटे येते, आणि घरच्यांना वाटतं प्यायलाय म्हणून बरळतोय.

माशेलची_मावशी
११ जून, दुपारी ४:२०

सिस्टर, हे वेगळा धागा काढून वर चिकटवून ठेवायला हवं.

आयुष_प्रेमी
११ जून, रात्री ८:१५

जांभळाच्या बियांची पूड, सकाळी उपाशीपोटी एक चमचा. आमच्या काकांच्या गोळ्या बंद झाल्या. कारल्याचा रस पण चालतो.

केपेची_सून
११ जून, रात्री ८:४०

काकांची एचबीए१सी किती आहे हो हल्ली?

आयुष_प्रेमी
११ जून, रात्री ९:०१

त्यांना तपासण्यांची गरज वाटत नाही. बरं वाटतं.

लॅबवाला_फोंडा
११ जून, रात्री ९:३०

बरं वाटण्यावर शुगर कळत नाही हेच तर या आजाराचं दुखणं आहे. २०० ला बरंच वाटतं, आणि कित्येकांना २५० लाही. पूड घ्यायची तर घ्या, पण गोळी सोडून नको, आणि घेण्याआधीचे-नंतरचे आकडे लिहून. मशीनला आयुर्वेद-ॲलोपॅथी कळत नाही, तोच त्याचा मोठा गुण.

अवांतर : आयसीएमआर-इंडियाब (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ही देशभरची पाहणी २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहाच्या नियतकालिकात आली. त्यात डायबेटीसच्या प्रमाणात सगळ्या राज्यांत गोवा पहिला, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हणजे वीस वर्षांवरच्या दर चार गोंयकारांत एक. आम्ही फुटबॉलमध्ये मागे पडलो, इथे नंबर काढला.

आल्डोणेकर
११ जून, रात्री ९:४४

फुटबॉलवर जाऊ नका, धागा भरकटेल.

पर्वरी_आयटी
१२ जून, सकाळी १०:०५

कोणी सेन्सर लावला आहे का? दंडाला मागे चिकटवतात तो. माझ्या ऑफिसात दोघांनी लावलाय आणि दिवसभर मोबाईल बघत असतात.

मडगावची_मीरा
१२ जून, सकाळी ११:३०

मी लावते, कायम नाही, अधूनमधून. माझा फ्रीस्टाइल लिब्रे आहे, एक सेन्सर चौदा दिवस चालतो. एकाला चार-पाच हजारांच्या घरात जातात, म्हणून औषध बदललं की तेव्हा एक लावायचा असं ठरवलंय. फायदा मोठा आहे. बोटातून एक क्षण कळतो, यात अख्खी रात्र कळते. माझी शुगर पहाटे चारपासून आपोआप चढते, काही न खाता, हे मला त्यातूनच समजलं. डॉक्टर म्हणाले, पहाटे शरीरातली हार्मोन्स जागी होतात आणि लिव्हर साखर सोडतं, पुष्कळांचं असंच असतं.

तोटेही ऐका. तो रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. शुगर झपाट्याने पडत असली तर सेन्सर ९० दाखवेल आणि बोटात ६८ असेल. त्या कुशीवर झोपलं की दाब पडून रात्री खोटी लो दाखवतो, आणि घर जागं होतं. अंगाला एक वाटतं आणि मोबाईल दुसरं सांगतो, अशा वेळी बोट टोचायचंच. आणि आपल्या घामात तो सुटतो. वरून लावायची गोल पट्टी मिळते, ती घ्या.

दर पाच मिनिटांनी बघायचा स्वभाव असेल तर मात्र नका लावू. एका मैत्रिणीने जेवणच कमी केलं, रेषा सरळ दिसावी म्हणून.

साखळीची_लेक
१२ जून, दुपारी १२:१५

मला सातवा महिना आहे, शुगर निघाली. वर मावशींनी जेवणानंतर १८० लिहिलंय. माझ्या डॉक्टरांनी १२० सांगितलं. कोणाचं खरं?

पेडण्याची_सिस्टर
१२ जून, दुपारी १२:४०

बाय, तुझ्या डॉक्टरांचंच. गरोदरपणात हिशेब वेगळा असतो : उपाशी ९५ च्या आत, एक तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. या धाग्यातले बाकीचे आकडे तू बघूच नकोस. आणि रोज तपास, आठवड्यातून एकदा नाही.

बार्देशचा_बाब
१३ जून, सायंकाळी ६:५०

टोचायच्या सुया कुठे टाकता? आमच्याकडे पंचायतीची गाडी येते, पिशवीत सुई दिसली म्हणून त्या बाईने भांडण काढलं. तिचं बरोबरच होतं.

म्हापसा_फार्मसी
१३ जून, रात्री १०:१५

जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिनेलची किंवा शाम्पूची. सुई वापरली की त्यात. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद, वर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा आणि कचऱ्याच्या गाडीला वेगळी द्या, ओल्या-सुक्यात घालू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यातच धरल्या होत्या. इन्सुलिनच्या सुयाही त्याच बाटलीत. सुई एकदाच वापरायची असते. लोक तीच आठवडाभर वापरतात हे मला माहीत आहे, पण बोथट सुई जास्त दुखते. दुसऱ्याची सुई किंवा टोचायचं पेन मात्र कधीच वापरू नका, नवराबायको असलात तरी.

सत्तरीकर
२८ जून, रात्री १०:०८

आकडे घेऊन आलोय. मावशींच्या पद्धतीने एकेक जेवण धरलं. आई घड्याळ लावून बसायची. हात साबणाने धुऊन. प्रत्येक जेवणाचा मधला आकडा लिहितो.

पहाटे ११४. नाश्त्याआधी १३८, दोन तासांनी १७६. पेजेआधी १६२, दोन तासांनी २४८. दुपारच्या जेवणानंतर २३६. रात्रीच्या जेवणाआधी १५८, नंतर २४१.

एक दिवस पेज घेतली नाही. माझ्या सांगण्यावरून नव्हे, शेजारच्या काकांनी "पेजेनेच चढते" असं डोक्यात भरवलं. पाऊण वाजता कुळागरातून घामाघूम होऊन आले. आईने आधी पंखा लावला, मग आठवण झाली आणि टोचलं तर ६८. ग्लुकोज पाजलं, पंधरा मिनिटांनी ९७. सिस्टर, तुमची पोस्ट मी आईला फोनवर मोठ्याने वाचून दाखवली होती. पुढचं बोलत नाही.

एक कळत नाही. पहाटे ११४ आणि आठला १३८, मधे तर काहीच खाल्लं नाही.

माशेलची_मावशी
२८ जून, रात्री १०:४५

मीरा म्हणाली ते पहाटेचं चढणं असू शकतं. नाहीतर तो "बिनसाखरेचा" चहा. आईला विचारा, बाबांना नको.

आणि वहीत अजून एक दिसतंय. पेज अकराला, जेवण दीडला. पेजेनंतरच्या दोन तासांचा आकडा म्हणजे जवळजवळ जेवणाआधीचाच आकडा झाला. म्हणजे २४८ वर असताना बाबा भाताला बसतात. आधीची चढण उतरायच्या आत दुसरी सुरू. जेवणानंतरची २३६ ही एकट्या भाताची नाही. भात कमी करण्याआधी पेजेचं बघा.

लॅबवाला_फोंडा
२९ जून, सकाळी ९:२०

आणि या आकड्यांची सरासरी डोळ्यांनीच बघा, १८५ च्या जवळपास येते. ८.६ शी जमलं. लॅबवर आता राग नाही ना?

सत्तरीकर
६ जुलै, रात्री ९:१५

डॉक्टरांनी वही दोनदा बघितली. ६८ वर बोट ठेवून बराच वेळ विचारत होते. सकाळची ग्लिमेपिराइड कमी केली, जेवणानंतरच्या चढणीसाठी दुसरी गोळी लिहिली. पेज चालू, पण शितं निम्मी आणि बरोबर मूग किंवा अळसांदे (केपेच्या वहिनी, हे मीच सुचवलं, डॉक्टर हो म्हणाले). दुपारचं जेवण दोनला ढकललं. एचबीए१सी सप्टेंबरअखेर परत. त्यांना साडेसातच्या आसपास आली तरी चालेल, त्याहून खाली ओढायची घाई नाही म्हणाले. चतुर्थीच्या नेवऱ्यांचा (करंज्यांचा) हिशेब त्याच रिपोर्टमध्ये येणार, हे बाबांच्या लक्षात आलंय.

चहाचं : आई म्हणते चहा बिनसाखरेचाच असतो, पण बरोबर दोन गोड बिस्किटं असतात. ती "चहात नसतात" म्हणून बाबांनी धरली नव्हती.

शेवटची एक अडचण. बाबांची बोटं कोयता धरून इतकी राठ झाली आहेत की सुई टोचते पण रक्त येत नाही. दोन-दोन स्ट्रिप वाया जातात. काही उपाय?

म्हापसा_फार्मसी
६ जुलै, रात्री १०:४०

टोचायच्या पेनच्या टोकाला फिरवायची चकती असते, त्यावर आकडे असतात. आकडा मोठा तितकी सुई खोल जाते. राठ बोटाला चार किंवा पाचवर न्या. टोचायचं बोटाच्या पेराच्या मधोमध नाही, कडेला. तिथे कातडी पातळ असते आणि दुखतंही कमी. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका घ्या, कोयता धरणाऱ्या हाताची नको. आधी कोमट पाण्याने हात धुवा, आणि थेंब नीट फुगून आला की मगच स्ट्रिप लावा. अर्ध्या थेंबाला लावली की मशीन एरर देतं आणि ती स्ट्रिप गेलीच.

सत्तरीकर
६ जुलै, रात्री १०:५२

चकतीचं ठाऊकच नव्हतं. शनिवारी जातो तेव्हा बघतो. आकडा दोनवर असणार, पेन माझ्या बहिणीने सेट केलं होतं.